मोठी स्कूटर मीच निवडली होती

ही हकीकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विचारणारे नव्हते असं नाही. नोकरीतला एखादा किस्सा सांगा म्हणत, आणि मी जुन्या बग्गीखान्याचे, दरबारच्या मोटारींचे किस्से सांगत असे. हा सोडून सगळे. आमच्या ग्वाल्हेरात, लष्कर भागातल्या मराठी घरांमध्ये या प्रसंगाची एक वेगळीच गोष्ट अजून सांगतात. त्या गोष्टीत मी फार चांगला माणूस आहे. ती खरी नाही. खरी पुढे लिहितो.

पितळेचा लोटा काठोकाठ भरून मी स्कूटरच्या पावदानावर ठेवला, तेव्हा माथुरसाहेब छत्री उघडून उन्हात उभे होते. शेजारी खात्यातली दहा-बारा माणसं. त्यांच्या मागे, हाताची घडी घालून, हवालदार जगदाळे.

"अण्णासाहेब," जगदाळे म्हणाले, "ही गाडी चालवायची आहे, का हिची पूजा करायची आहे?"

लोक हसले. मीही हसलो.

माथुरसाहेब आमच्या खात्याचे ग्वाल्हेरचे प्रमुख, हिंदीभाषक. त्यांनी मला विचारलं, "क्या कह रहा है?"

"कुछ नहीं साहब. पानी भर रहा हूँ, उस पर मज़ाक कर रहा है."

आता हा लोटा काय होता ते सांगितलं पाहिजे. मी मेकॅनिकल इन्स्पेक्टर होतो. खात्याच्या गाड्या तपासायच्या, दुरुस्तीला पाठवायच्या, नवी गाडी घ्यायची झाली तर कोणती घ्यावी ते सांगायचं, हे माझं काम. आमचं वर्कशॉप रियासतीच्या जुन्या बग्गीखान्याच्या शेडमध्ये होतं. तिथे एक जुनी रीत होती. नवी बग्गी आली किंवा जुनीच्या स्प्रिंगच्या कमानी बदलल्या, की बसणाऱ्याच्या पायाशी भरलेला लोटा ठेवून बग्गी एक फेरी फिरवून आणायची. परत आल्यावर लोट्यात बोट घालून पाहायचं. पाणी एक पेर खाली गेलं असेल तर बग्गी राणीसाहेबांसाठी चालेल. दोन पेरं गेलं तर कारभाऱ्यांसाठी. त्याहून खाली गेलं तर परत लोहाराकडे. बग्ग्या गेल्या, मोटारी आल्या, तरी लोटा राहिला. माझे वरिष्ठ मोटारीतही लोटा ठेवत. त्यांच्याकडून तो माझ्याकडे आला. आम्हाला त्याचा अभिमान होता. इंदूरवाल्यांकडे असलं काही नाही, असं आम्ही म्हणत असू.

इंदूरचं नाव काढलंच आहे, तर तेही सांगतो. रियासती विलीन झाल्या आणि ग्वाल्हेर, इंदूर आणि आजूबाजूच्या लहान संस्थानांचा मिळून मध्य भारत झाला. दोन दरबारांची दोन खाती एक झाली. कागदावर एक. प्रत्यक्षात आमच्यातला एखादा इंदूरला बदलून गेला की तिथे त्याला 'ग्वाल्हेरी' म्हणत, आणि त्यांच्यातला इकडे आला की आम्ही त्याला चहाला बोलवत नसू. हे कसंबसं बसत होतं, तोवर बातमी आली की मध्य भारतही राहणार नाही. भोपाळ राजधानी करून मोठं नवं राज्य व्हायचं आहे. आता ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, रीवा आणि पलीकडचे नागपूर-जबलपूरवाले, सगळ्यांची खाती एकत्र. एकेका खुर्चीला चार-चार माणसं. जी उरतील त्यांना सर्प्लस म्हणायचे. तो शब्द त्या वर्षी ग्वाल्हेरच्या घराघरांत माहीत झाला होता. बायकासुद्धा हळदीकुंकवाला एकमेकींना विचारत, "तुमच्याकडे कोणी सर्प्लस?"

जगदाळे एकदा सर्प्लस होऊन चुकले होते. ते रियासतीच्या फौजेतले. मोटारसायकलवरून लष्करी टपाल नेणारे डिस्पॅच रायडर. फौज मोडली तेव्हा काही लोक हिंदुस्थानच्या सैन्यात घेतले, काहींना घरी पाठवलं, काही आमच्यासारख्या मुलकी खात्यांत आले. जगदाळे आमच्याकडे आले ते कच्च्या नोकरीवर. नव्या राज्यात खाती लागताना ते पक्के होतील असं माथुरसाहेबांनी त्यांना सांगितलं होतं. एक अट होती. रेकॉर्ड साफ पाहिजे.

"रेकॉर्ड काय अण्णासाहेब," जगदाळे मिशीवर हात फिरवून म्हणत, "लढाईत साफ ठेवला, इथे काय मळतोय!"

माणूस बढाईखोर होता. दर आठवड्याला लढाईतली एक नवी हकीकत सांगायचा, आणि मागच्या आठवड्यातल्या हकीकतीशी ती जुळायची नाही. पण गाडी उत्तम चालवायचा.

खात्याचं नाव लिहीत नाही. काम एवढंच सांगतो की देवीची लस तालुक्याच्या गावी पोचवायची. ती लस तेव्हा काचेच्या बारीक नळ्यांत भरलेली असे. नळ्या बर्फाच्या डब्यात. डबा वेळेवर पोचला पाहिजे आणि नळ्या फुटता कामा नयेत. खात्याकडे जुन्या विलायती मोटारसायकली होत्या. डबा मागच्या कॅरिअरवर बांधायचे. कॅरिअर मागच्या चाकाच्याही मागे येतं, त्यामुळे खड्डा लागला की सगळ्यात मोठा हिसका तिथेच बसतो. नळ्या फुटत. तालुक्याचे डॉक्टर तक्रार करत. शिवाय लस नेणारे आमचे निम्मे इन्स्पेक्टर धोतर नेसणारे. मोटारसायकलची चेन उघडी. एकाचं धोतर चेनमध्ये जाऊन तो मुरारच्या बाजारात जवळजवळ उघडा पडला होता. त्यानंतर तो टांग्यानेच जायचा. लेडी हेल्थ व्हिजिटर होत्या, त्या साडीत. त्यांचा तर मोटारसायकलशी संबंधच नव्हता.

नव्या राज्यासाठी नव्या गाड्या घ्यायच्या होत्या. कोणत्या, ते इंदूरने आणि आम्ही वेगवेगळं कळवायचं होतं. इंदूरच्या इन्स्पेक्टरने मोटारसायकल कळवली. जुनी, माहितीतली, कुठेही जाणारी.

माथुरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "इंदौर ने मोटरसाइकिल लिख दी है. हम भी वही लिखें तो भोपाल वाले पूछेंगे, दो मैकेनिकल इन्स्पेक्टर क्यों चाहिए? एक काफ़ी है." थोडं थांबून ते म्हणाले, "और वो एक आप ही होंगे, इसकी गारंटी मैं नहीं दे सकता."

मला समजलं. मी वेगळं काही कळवायला हवं होतं, आणि ते पटायलाही हवं होतं.

तेव्हा बाजारात मोठ्या स्कूटरी नुकत्याच दिसू लागल्या होत्या. विलायती बनावटीच्या. लहान नव्हेत, चांगल्या ऐसपैस, मागे दुसरी गादी असलेल्या. आज कोणाला नवल वाटणार नाही, पण तेव्हा स्कूटर इंदरगंजच्या चौकात उभी राहिली की लोक भोवती जमत. मी एक चाचणीसाठी मागवली आणि मन लावून तपासली. तिच्या बाजूने खरोखरच पुष्कळ होतं. चढायला टांग टाकावी लागत नाही. पुढे सपाट पावदान, त्यावर दोन पायांच्या मध्ये डबा बसतो. ती जागा दोन्ही चाकांच्या मध्ये आणि खाली, म्हणजे हिसका सगळ्यात कमी. इंजिन झाकलेलं, चेन नाही, धोतर आणि साडी दोन्ही सुरक्षित. पुढे पत्र्याची ढाल असल्याने चिखल अंगावर येत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पाठीवर एक जादा चाक. पंक्चर झालं की काढलं, लावलं, निघालो. मोटारसायकलला रस्त्यात पंक्चर म्हणजे अर्धा दिवस गेला.

विरुद्ध एकच गोष्ट होती. चाक. मोटारसायकलचं चाक गुडघ्याच्या वर येतं. स्कूटरचं परातीएवढं. चाक जेवढं मोठं तेवढं ते खड्डा ओलांडून जातं, लहान चाक खड्ड्यात उतरतं. वाळूत तर फरक फारच. मोठं चाक वाळू कापतं, लहान चाक वाळू पुढे ढकलतं, मग तिच्यातच रुततं आणि आडवं होतं. त्यात मोटारसायकलस्वार पेट्रोलची टाकी दोन मांड्यांत धरून गाडी सांभाळतो. स्कूटरवर मांड्यांत धरायला काही नाही, पुढे मोकळं.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. पुस्तकावर भरवसा ठेवायचा नाही म्हणून मी चाचणीच्या आदल्या रविवारी स्कूटर घेऊन एकटाच डबरा गावाच्या पुढे गेलो. तिथे डांबर संपायचं आणि आमच्या भागातल्या सिंध नदीकडे उतरणारी वाळूची वाट लागायची. आमच्या लसीच्या फेऱ्यांपैकी एक त्याच वाटेने पलीकडच्या गावांना जायची. मी पावदानावर विटा भरलेला डबा ठेवला आणि उतरलो.

थोडं अंतर बरं गेलं. मग पुढचं चाक वाळूत घुसलं, हँडल हातातून फिरलं, आणि मी पडलो. डबा मध्ये असल्यामुळे उजवा पाय झटकन बाहेर काढता आला नाही. इंजिन त्याच अंगाला असतं, सगळं वजन त्या बाजूला. पाय वाळूत दबला. वाळू मऊ होती म्हणून मोडला नाही. एक शेळ्या राखणारी बाई लांबून पाहत होती. ती ओरडली, "लगी तो नहीं, भैया?" मी म्हटलं, "नहीं, नहीं." गाडी उचलली, कपडे झटकले आणि घरी आलो. बायकोने पायजम्यावरची वाळू पाहून विचारलं, तर रस्त्यावर काम चाललंय म्हणालो.

ही गोष्ट मी माथुरसाहेबांना सांगितली नाही. कोणालाच सांगितली नाही.

चाचणीचा रस्ता ठरवणं माझ्या हातात होतं. मी ठरवला तो वर्कशॉपपासून इंदरगंज, तिथून मुरार, पुढे मुरुमाचा रस्ता, आणि परत. खड्डे होते, पण वाळू कुठे नव्हती.

स्कूटर मी चालवली. मोटारसायकल जगदाळ्यांनी चालवली, कॅरिअरवर तसाच भरलेला लोटा बांधून. आधी ते तयारच होईनात.

"फौजेत मी कर्नलसाहेबांचे कागद नेले. आता पाणी नेऊ?"

"हवालदार, रीत आहे आपली."

"बग्गीची रीत. ही काय बग्गी आहे?" मग ते स्कूटरकडे वळले. "तुमची मात्र आहे हं. बघा, खुर्चीत बसल्यासारखे दिसताय. जावई पंक्तीला बसलाय असं वाटतंय." लोक पुन्हा हसले. ते आणखी रंगात आले. "मोटारसायकलवर माणूस स्वार असतो अण्णासाहेब. ह्याच्यावर पाहुणा."

आम्ही फेरी मारून आलो. माथुरसाहेबांनी स्वतः बोट घालून पाहिलं. स्कूटरच्या लोट्यातलं पाणी पेरभरही खाली गेलं नव्हतं. कॅरिअरवरच्या लोट्यात तळाशी घोटभर उरलं होतं, आणि जगदाळ्यांचा शर्ट मागून भिजला होता.

"राणी साहिबा पास!" माथुरसाहेब म्हणाले. त्यांनाही रीत ठाऊक होती. टाळ्या पडल्या.

मी मोठी स्कूटर कळवली. अहवालात लिहिलेलं एकूणएक खरं होतं. वाळूबद्दल त्यात काही नव्हतं. भोपाळकडून मंजुरी आली, आणि वर शेराही आला की ग्वाल्हेरची चाचणी नमुनेदार आहे. माझी खुर्ची पक्की झाल्यासारखी होती.

पहिल्या स्कूटरी आल्या त्या फेऱ्यांवर वाटून दिल्या. पक्क्या रस्त्यांवर त्या छान चालल्या. धोतरवाले इन्स्पेक्टर खूश. नळ्या फुटायच्या थांबल्या. सिंधकडची फेरी पूर्वीपासून जगदाळ्यांची, ती त्यांच्याकडेच राहिली. मोटारसायकली वर्कशॉपमध्ये जमा झाल्या.

जगदाळे आठवडाभर रुसले होते. मग एके सकाळी मिशीत हसत आले. "काल हिला मागे बसवून इंदरगंजातून नेलं. मोटारसायकलवर कधी बसली नव्हती, लाज वाटते म्हणायची. स्कूटरवर कशी, एका अंगाला पाय सोडून, पदर सावरून! सगळ्या मराठ्यांनी बघितलं. मी मुद्दाम दोन चकरा मारल्या."

"म्हणजे पसंत पडली?"

"घरच्यांना पडली. मग माझी काय बिशाद!" ते जायला वळले आणि थांबले. "अण्णासाहेब, वाळूत कशी आहे ही? तुम्ही नेऊन पाहिलीच असेल."

आता लिहिताना वाटतं, त्या वेळी सगळं सरळ करता आलं असतं. त्या फेरीला जुनी मोटारसायकल ठेवा, एवढंच म्हणायचं होतं. पण माथुरसाहेबांनी वर कळवलं होतं की सगळ्या फेऱ्यांना स्कूटर पुरते. एक मोटारसायकल ठेवली की भोपाळ विचारणार, का ठेवली?

"पाहिली," मी म्हणालो. "जरा जपून चालवा, बस."

"तुम्ही पाहिली म्हणजे झालं."

सिंधच्या वाळूत ते पडले ते याच्यानंतर थोड्याच दिवसांनी. मी पडलो होतो तसेच. पुढचं चाक घुसलं, हँडल फिरलं, डब्यामुळे उजवा पाय आत अडकला. फक्त त्या जागी वाळूखाली खडक होता. गुडघा गेला. बैलगाडीतून त्यांना डबऱ्याला आणलं, तिथून ग्वाल्हेरच्या इस्पितळात.

मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती डब्याची. डबा मी उघडून पाहिला होता. एकही नळी फुटली नव्हती. माझी चाचणी बरोबर निघाली होती.

पुढच्याच महिन्यात भोपाळची समिती माणसं तपासायला आली. तीन अधिकारी. कोण पक्का, कोण सर्प्लस, ते ठरवायला. जगदाळ्यांच्या नावासमोर अपघात होता. अपघात गाडीच्या दोषाने झाला असेल तर तो त्यांच्या अंगाला लागणार नव्हता, ते पक्के झाले असते. त्यांच्या चुकीने झाला असेल तर कच्च्या नोकरीतल्या माणसाला ठेवायचं कारण नव्हतं. गाडीबद्दल सांगणारा मी. बाहेर बाकावर जगदाळे बसले होते, पाय प्लॅस्टरमध्ये, बगलेत कुबडी. आत जाताना मला म्हणाले, "नीट सांगा हं अण्णासाहेब."

आत मधले साहेब कागद चाळत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "गाड़ी में कोई मैकेनिकल डिफ़ेक्ट?"

"नो सर."

"ब्रेक?"

"ठीक थे."

"स्टीयरिंग?"

"ठीक था, सर."

"तो फिर?"

मी माथुरसाहेबांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"वहाँ रेत है, सर," मी म्हणालो.

"रेत तो सबके लिए है. बाक़ी स्कूटर वाले तो नहीं गिरे."

बाकीचे वाळूत जातच नव्हते. हे त्या खोलीत मला आणि माथुरसाहेबांना माहीत होतं.

माथुरसाहेब पटकन म्हणाले, "सर, गाड़ी पूरी टेस्ट करके ली गई है. आपके यहाँ से तारीफ़ भी आई थी."

"हाँ, वो लोटे वाला टेस्ट," साहेब हसले. "टेस्ट आपने ही किया था?"

"जी."

"गुड. तो गाड़ी का सवाल नहीं है."

तो प्रश्न होता की ते स्वतःच उत्तर देत होते, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. त्याने काही फरक पडत नाही. मी म्हणालो, "जी, सर." गाडीत दोष नव्हता. दोष निवडीत होता, आणि ती मी केली होती. हे वाक्य मला त्या खुर्चीत बसूनच सुचलं होतं. सुचलं नाही असं म्हणण्याची सोयसुद्धा मला नाही.

बाहेर आलो. जगदाळे कुबडीवर उठायला लागले.

"बसा, बसा."

"काय झालं?"

"सांगून पाहिलं," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते आपोआप गेलं. "त्यांनी आधीच ठरवून आणलेलं दिसतं."

जगदाळ्यांनी कुबडी बाकाला टेकवली. मग त्यांनी माझा हात धरला. मोठा, खरखरीत हात. "तुम्ही बोललात ना? बस झालं. दुसरा कोण बोलतो?"

ते सर्प्लस झाले. दुसऱ्यांदा. मी भोपाळला गेलो, बढतीवर. इंदूरच्या इन्स्पेक्टरला कुठेतरी लांब पाठवलं. पुढच्या वर्षी नवी मागणी करताना मी वाळूच्या वाटांसाठी मोटारसायकली कळवल्या. कोणी कारण विचारलं नाही. पक्क्या रस्त्यांवर स्कूटरी पुष्कळ वर्षं चालल्या, आणि चांगल्या चालल्या. त्या कामाला मोठी स्कूटर हीच योग्य निवड होती, हे मी आजही म्हणेन.

माझ्या धंद्यातल्या तरुणांना यातून सांगण्यासारखं एवढंच आहे. चाचणीला जे विचारावं तेवढंच ती सांगते. लोट्याने सांगितलं की काच फुटणार नाही. ते खरं होतं. चालवणारा पडेल का, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. आणि ज्याला ते उत्तर आधीच माहीत असतं, त्याने चाचणीचा रस्ता ठरवू नये.

जगदाळे पुढे टोपी बाजारात मेहुण्याच्या दुकानात बसू लागले. ताडपत्री, दोर, कातडी पट्टे असलं दुकान. पाय सरळ पसरून, एका उंच स्टुलावर. फौजेच्या गोष्टी तिथे सांगायचे, आणि त्यांत आता एक नवी गोष्ट आली होती. भोपाळच्या साहेबांपुढं आपला एकटा अण्णासाहेब कसा उभा राहिला. प्रत्येक वेळी ती थोडी वाढायची. एकदा मला रेल्वेत भेटलेल्या एका अनोळखी मराठी गृहस्थाने ती मलाच सांगितली, माझं नाव ऐकून. त्या गोष्टीत मी टेबलावर हात आपटला होता.

आता ते नाहीत. ते असताना मी शेवटचा प्रयत्न केला तो रिटायर होऊन ग्वाल्हेरला परत आलो त्यानंतर. काय बोलायचं ते चालता चालता ठरवलं होतं. थोडंच होतं. हवालदार, त्या वाळूत तुमच्या आधी मी पडलो होतो. तुम्ही विचारलंत तेव्हा सांगितलं नाही. आणि आत तुमच्या बाजूने एक शब्द बोललो नाही. मला माफ करा.

दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांची धाकटी मुलगी डबा घेऊन आली होती, चाळिशीची, केस पिकायला लागलेली. ते थकले होते. मिशी तेवढी तशीच.

"या, या, अण्णासाहेब! अगं, स्टूल पूस." मग माझ्याकडे निरखून, "बारीक झालात. भोपाळचं पाणी लागलं नाही तुम्हाला."

मी बसलो. चहा आला. त्यांनी गुडघ्यावर ताडपत्रीचा तुकडा घेतला होता, त्याला कडी ठोकत होते. मी वाट पाहिली. कडी बसली.

"हवालदार," मी म्हणालो, "त्या दिवशी, समितीपुढं, आत मी..."

"राहू द्या हो." त्यांनी हातोडी खाली ठेवली. "अजून तेच घेऊन बसलात? अहो, समोर तिघं साहेब, बाजूला तुमचा माथुर. एकटा माणूस भांडून भांडून किती भांडणार?" ते मुलीकडे वळले. "हे ते. तुला सांगतो ना मी नेहमी? नमस्कार कर."

ती वाकली. तिचा हात माझ्या चपलेला लागला.

"सांगा तिला," जगदाळे म्हणाले, "किती बोललात ते. मी सांगितलं तर म्हणते, बाबा वाढवून सांगतात. वाढवून सांगतो का मी?"

दोघंही माझ्याकडे पाहत होती.

"नाही," मी म्हणालो. "खरंच सांगतात ते."